शब्द सापडला म्हणजे चालतोच असं नाही: मेरियम-वेबस्टरची वेबसाइट

बदलती इंग्रजी समजून घ्यायला ही मोफत अमेरिकन डिक्शनरी भरवशाची, फक्त ती नीट वाचायला हवी. अर्थाआधी लेबल बघा: ‘स्लँग’, ‘इन्फॉर्मल’ की ‘नॉनस्टँडर्ड’? गफलत इथेच होते. ‘इररिगार्डलेस’ची नोंद दिसली की लोक तो थेट अर्जात लिहून मोकळे! तिथे ‘रिगार्डलेस’च हवा. ‘रिझ’ (म्हणजे समोरच्याला भुरळ घालण्याची हातोटी) २०२३मध्ये दाखल झाला. गप्पांत ठीक, बायोडेटात नको. एका व्यक्तीसाठी ‘दे’ (they) मात्र खुशाल वापरा, पण क्रियापद ‘आर’च (are) ठेवा. खाली ‘फर्स्ट नोन यूज’ही पाहा, ‘नवीन’ वाटणारे कित्येक शब्द चांगलेच जुने निघतात. जाहिराती मात्र वैताग आणतात. अर्बन डिक्शनरीत नवे शब्द लवकर येतात खरे, पण तिथे कुणीही काहीही लिहितं.