स्विमिंग पूलला इपॉक्सी रंग मारून नऊ महिने झाले: रंगाची तक्रार, पायरीची जास्त

बेळगावजवळ जांबोटी रस्त्यावरच्या आमच्या फार्महाऊसचा पूल तीस बाय पंधरा फुटांचा. मार्चमध्ये त्याला इपॉक्सीचे दोन हात मारून घेतले. कंपनीचं नाव सांगत नाही, भांडण अजून मिटलेलं नाही.

जूनमध्ये पहिल्या पायरीवर रुपयाएवढा फुगा आला. गणपतीपर्यंत भाकरीएवढा पोपडा सुटला. पूल निळाशार, पाणी नितळ, आणि उतरताना पहिला पाय पडतो तिथंच टक्कल! पाहुणे काही बोलत नाहीत, मला मात्र दुसरं काही दिसतच नाही.

कंपनीचा माणूस आला, वाकून बघितलं, 'जुना पृष्ठभाग नीट तयार केला नव्हता, हे गॅरंटीत बसत नाही' म्हणाला, आणि चहा पिऊन गेला. त्या रात्री एकच स्टार द्यायचा, असं ठरवून हे लिहायला घेतलं होतं.

मग उद्यमबागेतल्या ओळखीच्या रंगवाल्यानं पोपडा घेऊन बोलावलं. फडक्याला झायलीन, म्हणजे रंग विरघळवणारा थिनर, लावून दोन्ही बाजूंनी घासला. वरची निळी बाजू ढिम्म हलली नाही. खालची चिकट झाली आणि फडकं आकाशी झालं. म्हणजे खाली जुना क्लोरिनेटेड रबर पेंट जसाच्या तसा! त्याच्यावर इपॉक्सी धरत नाही. हे फडकं मार्चमध्ये फिरवलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं की.

तेव्हा मेस्त्री जुन्या रंगावर पॉलिश पेपर फिरवून म्हणाला होता, "इरली बिडरी." म्हणजे कानडीत, असू द्या, सोडा. वरून ॲसिड मारून धुतलं. पण ॲसिड सिमेंटला खातं, रंगाला त्याचं काय? जुना रंग पार सिमेंटपर्यंत काढायला हवा होता. वाळूच्या माऱ्यानं रंग काढणाऱ्या ब्लास्टिंगवाल्याचा आकडा ऐकून नको म्हणणारा मीच, हेही इथं लिहायला पाहिजे.

आता खोल बाजूचं सांगतो. तिथं हातोडीनं ठोकल्यावर प्लास्टर बद्द वाजत होतं, म्हणून सगळं फोडून नवं केलं होतं. अठ्ठावीस दिवस थांबलो, ॲसिडनं धुऊन त्याचा जोर सोड्याच्या पाण्यानं मारला, रात्रभर प्लास्टिक चिकटवून खालून घाम येतो का तेही बघितलं. नंतर रंग, आणि रंगानंतर सात दिवस वाळवून मगच पाणी. तिथं आज एक फुगा नाही. उथळ भागात उन्हानं जरा भुकटी सुटते, पोरांचे तळवे पांढरे होतात. ते चालतं.

तेव्हा एकाचे साडेतीन स्टार करतो. उरलेला दीड पायरीचा. अर्धा स्टार माझ्या चिकटपणाचा धरायचा असेल तर धरा.

दुरुस्ती लगेच नाही. आमच्याकडं पावसाळ्यात पूल रिकामा केला तर जमिनीतलं पाणी खालून अख्खं कवच उचलू शकतं, आणि विहीर अजून वरपर्यंत भरलेली आहे. फेब्रुवारी उजाडू दे. मेस्त्रीचा परवा फोन आला होता, पायरीपुरतंच घासून देतो म्हणाला. या खेपेला "इरली बिडरी" मीच म्हटलं.

तोवर पाहुण्यांची पोरं पायरीवर बसून पोपडे सोलतायत, आणि मी वरून ओरडतोय.