बाईंनी विधानसभा लढवावी की शिक्षक मतदारसंघ?

कन्नमवार नगरात संध्याकाळची अभ्यासिका चालवणाऱ्या, कुणाच्या दाखल्यासाठी स्वतः रांगेत उभ्या राहणाऱ्या आमच्या बाई निवडणूक लढवायचं म्हणताहेत. दोन वाटा आहेत.

विधान परिषदेचा मुंबई शिक्षक मतदारसंघ पहिल्यांदा सोपा वाटतो. मतदार फक्त शिक्षक, पक्षापेक्षा ओळख मोठी, मुदत 6 वर्षं. पण मतदार होण्यासाठी मागच्या 6 वर्षांत किमान 3 वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत शिकवलेलं असावं लागतं. म्हणजे प्राथमिकच्या शिक्षकांना इथे मतच नाही. पहिलीच्या पोराला अक्षर गिरवायला शिकवणाऱ्यांना वगळणारा हा नियम मला अन्यायाचा वाटतो, आणि बाई स्वतः प्राथमिकच्याच! उभं राहायला अडचण नाही, तिथे उमेदवार शिक्षक असण्याचीही अट नाही; पण स्वतःचं मत स्वतःला देता येणार नाही. शिवाय मतपत्रिकेवर पसंतीक्रम आकड्यात लिहायचा, फुली मारली की मत बाद.

विधानसभेत 288 जागा, त्यातल्या मुंबईत 36. मुदत 5 वर्षं, खर्चाची मर्यादा 40 लाख रुपये. बाईंकडे त्याच्या जवळपासही पैसे नाहीत, आणि मोठ्या पक्षांच्या यंत्रणेपुढे अपक्षाचा निभाव लागणं फार कठीण. तरीही मी हीच वाट सुचवेन. बाईंनी शिकवलेली मुलं आता मतदार झाली आहेत, त्यांच्या आयाही. इमारतींचा पुनर्विकास, पाणी, अभ्यासिकेची जागा, हे सगळं त्यांच्याच घरचं आहे. शिक्षक मतदारसंघात यांतल्या बहुतेकींना मत नाही.