ठाण्याहून ग्रिडवर: सीट भाड्याने घ्यावी की गाडी स्वतः बांधावी?

ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणारा, आठवडाभर नोकरी करणारा आणि एकदा तरी खऱ्या रेसमध्ये उतरायचंच असं ठरवलेला माणूस शेवटी दोनच पर्यायांपाशी येतो. एखाद्या टीमकडून शनिवार-रविवारपुरती सीट, म्हणजे त्यांची रेसगाडी चालवायची जागा, भाड्याने घ्यायची, नाहीतर जुनी गाडी घेऊन ती रेससाठी बांधायची. रात्री पाम बीच रोडवर जमणाऱ्यांचाही एक पर्याय आहे म्हणा. त्यांच्यासाठी मोटार वाहन कायद्यात रस्त्यावरच्या शर्यतीला शिक्षा देणारं कलम १८९ आहे आणि रस्त्यावर उलट्या बाजूने येणारा डिलिव्हरीवाला आहे. त्यांना इथे तुलनेत घेतलेलं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो: पहिला हंगाम भाड्याच्या सीटवर काढा. पैशाचा हिशेब नंतर येतो, आधी शनिवारची संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे रेसच्या सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या सत्रात, गिअरबॉक्स गेला, तर रात्री तो उतरवणार कोण? भाड्याच्या गाडीत टीमचे मेकॅनिक उतरवतात आणि तुम्ही जेवून झोपता. स्वतःच्या गाडीत टॉर्च धरायला तुम्ही असता, रविवारी हेल्मेट घालून बसणारेही तुम्हीच असता, आणि नवख्या ड्रायव्हरची झोप उडालेली असली की पहिल्याच कोपऱ्यात ब्रेक उशिरा लागतो.

दोन्ही पर्यायांत तुमचा स्वतःचा प्रवास सारखाच. आपल्याकडे हौशी सर्किट रेसिंग बहुतेक तमिळनाडूत चालतं. कोइम्बतूरजवळ चेट्टीपाळयमला कारी मोटर स्पीडवे आहे, साधारण २.१ किलोमीटरचा. एस. करिवर्धन यांच्या नावाचा हा ट्रॅक. मारुती ८०० चं इंजिन वापरून फॉर्म्युला मारुती ही छोटी सिंगल सीटर, म्हणजे एकाच सीटची उघड्या चाकांची रेसगाडी, बनवणारे तेच. श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रासचा ट्रॅक आहे, ३.७१७ किलोमीटरचा, तो मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा, २०११ ते २०१३ तिथे फॉर्म्युला वन झाली. पाहायला जरूर जा, पण नवशिक्याने पहिला पैसा तिथे घालू नये. सरळ पट्टा एक किलोमीटरहून लांब आहे, त्यावर इंजिनाची ताकद लागते; शिकण्याचे कोपरे दर मिनिटाला कमी येतात.

कारी छोटा आणि वळणावळणाचा. तिथे चूक झाली तर तोच कोपरा थोड्याच वेळात पुन्हा समोर येतो, म्हणून शिकायला तो बरा. ओव्हरटेक करायला मात्र जागा कमी, त्यामुळे क्वालिफाइंग बिघडलं की रविवारभर दुसऱ्याचा बंपर बघत फिरायचं. मद्रासला वेग जास्त, पुढे काढायला जागा जास्त आणि त्या हिशेबाने भीतीही जास्त. हवेचाही फरक आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे छत्री मिटत नाही, तेव्हा सह्याद्रीच्या आडोशाला असलेलं कोइम्बतूर बरंच कोरडं असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उलटा, ईशान्येकडून येणारा मोसमी पाऊस सुरू झाला की मद्रासची रेस ओल्या ट्रॅकवर होऊ शकते. पहिलाच हंगाम असेल तर रेसच्या तारखा डोळ्यांखालून घाला.

आता स्वतःची गाडी. हा पर्याय मोहाचा आहे, हे मान्य. ठाण्यासारखं गाव त्याला पोषकही आहे: वागळे इस्टेटला लेथ आणि वेल्डिंगवाले, रबाळे एमआयडीसीत फॅब्रिकेशन, कुर्ल्याला जुने पार्ट. मारुती एस्टीम कितीही जुनी झाली तरी टूरिंग कारच्या, म्हणजे रस्त्यावरच्याच मॉडेलच्या रेसगाड्यांच्या, ग्रिडवर (रेस सुरू होते त्या रांगेत) ती वर्षानुवर्षं टिकली. हलकी, सोपी आणि तिचं १.३ लिटरचं इंजिन कुठलाही जाणता मेकॅनिक उघडू शकतो. पण गाडी विकत घेणं हा खर्चाचा सर्वांत छोटा भाग. पुढे रोल केज येतो, म्हणजे गाडी उलटली तर ड्रायव्हर चेंगरू नये म्हणून आत बसवलेला पोलादी पिंजरा. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमावलीत मुख्य कमानीला ४५ मिलिमीटर व्यासाचा आणि अडीच मिलिमीटर जाडीचा, किंवा ५० मिलिमीटर व्यासाचा आणि दोन मिलिमीटर जाडीचा, सांध्याविना ओढलेला पोलादी पाइप सांगितला आहे. सोसायटीचं ग्रिल बनवणारा माणूस कितीही सफाईदार वेल्डिंग करत असला तरी हे काम त्याचं नव्हे. आपापल्या गटाचं नियमपुस्तक वेल्डिंगवाल्याच्या हातात द्या आणि मगच पाइप कापायला सांगा. स्क्रुटिनीला, म्हणजे रेसआधी गाडीच्या तपासणीत, मोजमाप चुकलं तर गाडी ट्रकवरून उतरली तशीच परत चढते.

केज बसला, सीट काढल्या, काच बदलली की ती गाडी रस्त्याची राहत नाही. कंपनीने दिलेल्या रचनेत असा बदल कायद्याला चालत नाही, त्यामुळे एमएच ०४ ची पाटी असली तरी ती चालवत नेता येणार नाही. ट्रकच करावा लागतो. कळंबोलीहून धरलेला राष्ट्रीय महामार्ग ४८ पुणे, कोल्हापूर, बेंगळुरू करत थेट श्रीपेरुंबुदूरवरून जातो, रस्ता चुकायची सोय नाही. पण तेराशे-चौदाशे किलोमीटरचं भाडं जायचंही असतं आणि यायचंही. ट्रक आठवड्याच्या सुरुवातीलाच सोडावा लागतो, म्हणजे बुधवारी रात्री सुचलेला बदल पुढच्या फेरीपर्यंत मनातच ठेवायचा.

विम्याचं अनेकांना माहीतच नसतं. आपल्या नेहमीच्या कार पॉलिसीत वापराच्या अटींखाली संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. म्हणून ‘बांधायला नको, घरचीच गाडी एखाद्या ट्रॅक डेला (स्पर्धेविना ट्रॅकवर चालवायच्या दिवशी) नेऊ’ हा मधला मार्गही वाटतो तितका स्वस्त नाही. भिंतीला लागली तर हप्ते तुमचे आणि दुरुस्तीही तुमची. शिवाय ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ या दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळायला हवं, त्याआधी नाही. ओल धरलेल्याची मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. ठाण्याच्या दोन पावसाळ्यांत उभी राहिलेली गाडी तशीच ट्रॅकवर नेली, तर काही लॅपनंतर ऑइल उकळतं आणि पेडल नुसतंच खाली जातं.

भाड्याच्या सीटमध्ये ही सगळी डोकेदुखी टीमची. गुरुवारी रात्री विमान पकडायचं (घोडबंदर रोडवर राहत असाल तर विमानतळ गाठायला उड्डाणाएवढाच वेळ धरा), शुक्रवारची रजा टाकायची, कागदपत्रं, सराव, ड्रायव्हर्सचं ब्रीफिंग, शनिवारी क्वालिफाइंग, मग रेस, रविवारी उरलेल्या रेस आणि सोमवारी ऑफिस. शिवाय एकाच प्रकारच्या गाड्यांच्या गटात, म्हणजे फॉर्म्युला एलजीबीसारख्या, शेजारच्याची गाडी जवळपास तुमच्यासारखीच असते. मागे पडलात तर कारण आरशात दिसतं. स्वतःच्या गाडीत ‘इंजिनच कमी पडतंय’ म्हणायची सोय असते आणि ती सोय माणसाला वर्षानुवर्षं शिकू देत नाही.

भाड्यातही दोन जाती आहेत. सिंगल सीटर की छत असलेली टूरिंग कार? उघड्या चाकांच्या गाडीत चाक चाकावर चढलं तर गाडी हवेत जाऊ शकते. टूरिंग कारमध्ये दार दाराला घासतं आणि रेस पुढे चालू राहते. रस्त्यावर गाडी चालवून आलेल्याला टूरिंग कार लवकर कळते, कार्टिंगमधून आलेल्याला सिंगल सीटर. सहा फूट उंची किंवा सुटलेलं पोट असेल तर पैसे भरण्याआधी कॉकपिटमध्ये बसून बघाच. गुडघे स्टिअरिंगला लागत असतील तर बाकी चर्चेला अर्थ नाही.

कुठलाही पर्याय घेतला तरी फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाचं स्पर्धा लायसन्स लागतं. हेल्मेट बाइकचं चालत नाही. हेल्मेट तपासणाऱ्या स्नेल संस्थेचं ‘एम’ प्रमाणपत्र मोटरसायकलसाठी असतं, कारसाठी ‘एसए’ लागतं, कारण त्यात अस्तर आगीला किती टिकतं तेही तपासतात. सूट, हातमोजे, बूट आणि मान वाचवणारं हान्स उपकरण सुरुवातीला टीमकडून मिळतं का विचारा, पण हेल्मेट स्वतःचं घ्या. दुसऱ्याच्या घामाचा मुद्दा बाजूला ठेवला तरी सैल हेल्मेट निरुपयोगी.

स्वतःची गाडी कोणाला शोभते? ज्याला रविवारी सकाळी बॉनेटखाली असणं ड्रायव्हिंगइतकंच आवडतं, ज्याचा एक मित्र खरोखर मेकॅनिक आहे आणि ज्याच्याकडे सोसायटीच्या पार्किंगपलीकडे जागा आहे. सेक्रेटरींच्या नोटिशीला उत्तरं देत केजवाली एस्टीम स्टिल्टमध्ये ठेवता येत नाही. अशा माणसानेही एक हंगाम भाड्याने चालवून मग बांधायला घेतली, तर कुठल्या गटासाठी बांधायची हे त्याला कळलेलं असतं.

सीटचा सौदा करताना आकड्याआधी हे विचारा: त्या रकमेत टायर किती, सरावाची सत्रं किती, एंट्री फी धरली आहे का? सर्वांत महत्त्वाचं डॅमेज डिपॉझिट, म्हणजे नुकसानीपोटी आधी ठेवायची रक्कम: दुसऱ्याने ठोकलं तर कोणाच्या खिशातून? मागून आलेल्याने तुम्हाला फिरवलं तरी बिल तुमच्याच नावावर फाडणाऱ्या टीम असतात, तेव्हा उत्तर लेखी घ्या. इंजिन बसलं तर काय, तेही त्याच कागदावर येऊ द्या. आणि फेऱ्यांच्या तारखा घरात दाखवून मगच पैसे पाठवा. हंगामाचा मधला भाग गणपती-नवरात्राच्या आसपास पडू शकतो, आणि भरलेली सीट ऐनवेळी रद्द केली तर टीम पैसे परत देईलच असं नाही.