‘आयसोलेटेड’ म्हणून मला विकलेली पेटी: नागपुरातल्या गिटारवाल्यांनी उरलेले पैसे देण्याआधी हे वाचा

मी नागपुरात ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. लग्नाचं संगीत, गणेश मंडळं, शारदोत्सव, कॉलेजचं गॅदरिंग, असं वर्षभर चालू असतं. दिवसा नोकरी करतो, म्हणून गिटारीसाठी जे घेतो ते प्रोग्रामच्या पैशातूनच. गेल्या वर्षी असे जमवलेले ३२,००० रुपये पेडलबोर्ड, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारी, पायाने दाबायची पेडल बसवलेली फळी, बनवून घ्यायला एका माणसाला दिले आणि फसलो. तक्रार चालू आहे म्हणून त्याचं नाव लिहीत नाही. पण त्याने काय विकलं आणि ते ओळखायचं कसं, हे नीट सांगतो. कारण ओळखण्याची खूण पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी तिचा उलटा अर्थ लावला.

ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याची अडचण वाजवणाऱ्यालाच कळते. एक गाणं कोरस लावून स्वच्छ वाजवायचं, ते संपत नाही तोच निवेदक पुढचं जाहीर करतो आणि त्याला ओव्हरड्राइव्ह (आवाज फाटका, जाड करणारं) आणि डिले (प्रतिध्वनी देणारं) हवं. मुखड्यातून अंतऱ्यात जाताना तीन पेडल दाबायची तर एक हमखास चुकतं. म्हणून मला चार लूपचा स्विचर हवा होता, म्हणजे पेडलचे चार गट (लूप) एकेका बटणाने चालू-बंद करणारी पेटी. कोरस आणि रिव्हर्ब एका लूपमध्ये, ओव्हरड्राइव्ह दुसऱ्यात, डिले तिसऱ्यात, चौथा रिकामा, आणि ट्यूनर सगळ्यांच्या आधी. शेजारी डिलेचा टॅप टेम्पो देणारं एक बटण, म्हणजे गाण्याच्या लयीत दाबलं की डिले त्या लयीला जुळतो. आणि या सगळ्याला वीज देणारा आयसोलेटेड पॉवर सप्लाय, म्हणजे ज्याचं प्रत्येक आउटपुट दुसऱ्यापासून पूर्ण वेगळं असतं, ज्यामुळे डिजिटल पेडलची कुईकुई दुसऱ्या पेडलमध्ये शिरत नाही. हे सगळं एकाच बोर्डात बसवून द्यायचं, असं ठरलं.

तो बोलायला फार गोड. त्याच्या खोलीत अर्धवट सोल्डर केलेल्या पेट्या, उघडी पेडल, भिंतीवर टांगलेल्या केबली. पाहून विश्वास बसावा असंच सगळं. त्याने एका नामांकित कंपनीच्या पॉवर सप्लायचा खोका माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “हाच टाकून राहिलो आहे भाऊ तुमच्या बोर्डात. आतला माल बोर्डाच्या पोटात जाते, खोका तुम्ही ठेवा.” खोका सीलबंद होता, वजनदार होता. तो माझ्यासमोर उघडला नाही, आणि मीही उघडायला सांगितला नाही. १५,००० आगाऊ यूपीआयने दिले. पंधरा दिवसांनी “स्विच बाहेरून मागवावे लागले” म्हणून ९,००० रोख घेतले. बिल मागितलं तर, “बिल बनवलं तर अठरा टक्के वरून लागते, तुमचंच नुकसान आहे.” उरलेले ८,००० बोर्ड हातात आल्यावर द्यायचे होते.

बोर्ड मिळाला मार्बतीच्या दुसऱ्या दिवशी. नागपूरकरांना सांगायला नको, तिथून गणपती दोन दिवसांवर असतात. माझे सलग चार प्रोग्राम ठरलेले होते. तारीख पुढे पुढे ढकलत त्याने नेमकी ही वेळ गाठली, हे आता कळतं. त्या दिवशी मला फक्त बोर्ड हवा होता. खालचं झाकण अराल्डाइटने चिकटवलेलं, वर स्टिकर: हे फाटलं तर गॅरंटी संपली. सोबत तो कंपनीचा खोका, आता रिकामा.

आता ती खूण. माझ्याकडे मामांनी दिलेलं बॉसचं पिवळं सुपर ओव्हरड्राइव्ह आहे, एसडी-१. हे मॉडेल १९८१ साली निघालं. माझं जुनं आहे, जपानमध्ये बनलेलं. त्या काळच्या पेडलवर ‘एसीए’ ॲडॅप्टर लावा असं छापलेलं असे. तो ॲडॅप्टर नावाला ९ व्होल्टचा, पण लोड कमी असला की १२ च्या आसपास द्यायचा. म्हणून पेडलच्या आत निगेटिव्हच्या वाटेत एक रेझिस्टर आणि डायोड बसवलेला असतो, जास्तीचं व्होल्टेज खाण्यासाठी. आजचा पक्का ९ व्होल्टचा ॲडॅप्टर एकटा लावला तर आत कमी पोचतं आणि लाल दिवा मिणमिणतो. म्हणून मी त्याला कायम बॅटरीवर चालवायचो.

त्याच्या खोलीत बोर्ड सुरू केला आणि त्या पेडलचा दिवा झगझगीत लागला. इतका की मी खूश होऊन त्यालाच म्हणालो, “वा, काय पॉवर दिली आहे!” तो हसला आणि म्हणाला, “इम्पोर्टेड आहे ना भाऊ.” मी ८,००० मोजून दिले.

खऱ्या आयसोलेटेड सप्लायच्या ९ व्होल्टच्या आउटपुटवर तो दिवा मंदच राहायला हवा होता. तो झगझगीत लागतो एकाच कारणाने: सप्लायच्या आतच सगळ्या आउटपुटचा निगेटिव्ह एकत्र जोडलेला असतो. मग पेडल एकमेकांना जोडणाऱ्या पॅच केबलच्या जाळीतून शेजारच्या नव्या पेडलमार्गे विजेला सरळ वाट मिळते आणि तो रेझिस्टर बाजूला पडतो. म्हणजे पाच पेडल एकाच ॲडॅप्टरच्या साखळीवर आहेत, हे माझं पेडल मला पैसे देण्याआधी सांगत होतं.

पहिल्याच प्रोग्रामला, वर्धा रोडवरच्या एका लॉनवर, डिले चालू ठेवून ओव्हरड्राइव्ह दाबलं की स्पीकरमधून बारीक कर्कश शिटी. दोन ओळींच्या मधल्या शांततेत ती समोरच्या खुर्च्यांपर्यंत ऐकू जात होती. फोन केला. “जनरेटरचा आवाज आहे भाऊ.” दुसऱ्या ठिकाणी जनरेटर नव्हता. “मग लायटिंगचा डिमर असंल.” तिसऱ्या वेळी माझ्या केबली खराब निघाल्या. मंडपातली वीज खरोखरच वाईट असते, म्हणून प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं. मी १,८०० रुपयांच्या नव्या केबली घेतल्या.

टॅप टेम्पोचंही तसंच. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीला एका मात्रेचे ५०० मिलिसेकंद होतात, ६०,००० भागिले १२०. मी लयीत बटण दाबायचो आणि डिले यायचा दुप्पट लांब, पूर्ण एका सेकंदाने. ड्रमरने मागे वळून पाहिलं ते मला अजून आठवतं. कारण असं की टॅपला मोमेंटरी बटण लागतं, दाबलं तेवढाच वेळ जोडणारं. त्याने लावलं होतं लॅचिंग, जे एकदा दाबलं की जोडलेलं राहतं आणि दुसऱ्यांदा दाबलं की सुटतं. डिलेला दोन दाबांमधला एकच कळायचा. बॉसच्या फूटस्विचांत हा फरक नावातच आहे: एफएस-५यू मोमेंटरी, एफएस-५एल लॅचिंग. दिसायला दोन्ही जवळपास सारखीच, म्हणून लोक हमखास गोंधळतात. ही त्याची चूकही असू शकते, ती मी फसवणुकीत धरत नाही. सप्लायचं मात्र तसं नाही.

दिवाळीनंतर त्याने फोन उचलणं बंद केलं. तेव्हा मी बोर्ड घेऊन सीताबर्डीला, मोदी नंबर तीनच्या गल्लीत, ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे गेलो. त्यांनी झाकणाला हातच लावला नाही. भिंतीतली पिन काढली, सगळी पेडल सोडवली, मल्टिमीटर बीपवर ठेवला आणि सप्लायच्या दोन वेगवेगळ्या वायरींच्या टोकांना, आतल्या भोकाला, दोन सुया लावल्या. बीप. तिसरी आणि चौथी. बीप. आठही आउटपुट आतून एकमेकांना जोडलेले. काका म्हणाले, “आयसोलेटेड असता तर हा मुका राहिला असता.” या तपासणीला एक मिनिटही लागलं नाही.

मग त्यांनी सोल्डरिंगच्या जुन्या बिटने अराल्डाइट तापवून झाकण काढलं. आधी फोटो काढून घ्या, असं त्यांनीच सुचवलं. आत एका साध्या ९ व्होल्ट १ अँपिअरच्या ॲडॅप्टरचं प्लास्टिक फोडून काढलेली पट्टी होती. तिच्यापासून एक लाल आणि एक काळी वायर निघून आठ सॉकेटांना एकापाठोपाठ फिरवलेली. काही जोडांवर सोल्डरसुद्धा नव्हतं, वायर नुसती पिळलेली. आणि तळाला अराल्डाइटमध्ये रोवलेल्या लोखंडाच्या दोन पट्ट्या. कशाला तेच आधी समजेना. काकांनी हातात तोलून सांगितलं: ट्रान्सफॉर्मरचं वजन वाटावं म्हणून.

त्या पट्ट्या पाहून माझा सगळा संशय संपला. स्विच हलका निघतो, सोल्डर सुटतं, ते समजून घेता येतं. पण लोखंड कापून कोणी चुकून बसवत नाही.

डेझी चेन, म्हणजे एका ॲडॅप्टरवर सगळी पेडल, ही वाईट गोष्ट नाही. दोन-तीन ॲनालॉग पेडल असतील तर मी आजही तीच घ्या म्हणेन, काहीशे रुपयांत काम होतं. ओव्हरड्राइव्ह दहाएक मिलिअँपिअर खातं, डिजिटल डिले त्याच्या कित्येक पट, आणि दोघं एका साखळीत आले की शिटीचा धोका येतो. पैसे आयसोलेटेडचे घेतले आणि दिली ती साखळी, माझी तक्रार एवढीच आहे.

मी आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. नंतर वकिलामार्फत नोटीस पाठवली. मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. तिथे वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही, आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. माझ्याकडे पुरावा आहे तो १५,००० च्या यूपीआयचा, व्हॉट्सॲपवर त्याने लिहिलेल्या ‘आयसोलेटेड, आठ आउटपुट’ या शब्दांचा, आणि झाकण उघडतानाच्या फोटोंचा. रोख दिलेल्या १७,००० चा कागद नाही. जे मागायचं ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या आणि एक रुपयाही रोख देऊ नका, बिलावर अठरा टक्के गेले तरी चालतील. ते अठरा टक्के वाचवायला गेलो आणि माझे १७,००० बिनपुराव्याचे झाले.

बोर्ड बनवायला देत असाल तर तळ चिकटवण्याआधी उघडा पाहायला मागा. मल्टिमीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो, तो सोबत न्या. वीज बंद, पेडल सुटलेली, आणि दोन-दोन टोकं तपासायची. टॅपचं बटणही त्यावरच कळतं: दाबून ठेवलं तेवढा वेळच बीप आली पाहिजे, बोट काढलं की थांबली पाहिजे.

मागच्या महिन्यात आमच्या कीबोर्डवाल्याच्या ओळखीचा एक इंजिनीअरिंगचा मुलगा भेटला. त्याचाही बोर्ड त्याच खोलीत बनत होता, १०,००० आगाऊ देऊन झाले होते, तसाच खोका त्यालाही दाखवलेला. मी त्याच्यासोबत गेलो नाही, मला पाहून तो माणूस सावध झाला असता. माझा मीटर त्याला दिला. त्याने तिथेच, उरलेले पैसे खिशात ठेवून, दोन टोकांना सुया लावल्या. बीप आली. पोरगा काही न बोलता आपली पेडल पिशवीत भरून परत आला. त्याचे १०,००० अजून तिथेच अडकले आहेत, आणि आता आयोगातल्या माझ्या तक्रारीत तो साक्षीदार आहे.