गार्मिन ईट्रेक्स १०: स्काऊट पथकासाठी घ्यावा का?

सिद्धेश्वर वनविहारासारख्या झाडीत मुलांकडून जिओकॅशिंग (अक्षांश-रेखांशांवरून लपवलेला डबा, म्हणजे जिओकॅश, शोधण्याचा खेळ) करून घ्यायला मोबाइल पुरतो. पण संघातल्या सात-आठ जणांत तो एकाच्याच हातात राहतो, आणि सोलापूरच्या उन्हात त्याची स्क्रीन धड दिसत नाही. ईट्रेक्स १० या हातात धरायच्या जीपीएस यंत्राचा २.२ इंची काळा-पांढरा पडदा ऊन जितकं कडक तितका स्पष्ट दिसतो. बॅटरीसह वजन जेमतेम १४० ग्रॅम, साधे दोन एए सेल, आणि पावसात भिजला तरी बिघडत नाही. नकाशा नावापुरताच आहे. पथकासाठी ते उलट बरंच, कारण पडद्यावर रस्ता दिसत नसला की मुलं आजूबाजूला बघतात.

वाटण्याआधी दोन सेटिंग्ज प्रत्येक यंत्रावर स्वतः तपासा. पहिली पोझिशन फॉरमॅटची, म्हणजे अक्षांश-रेखांश कसे लिहायचे त्याची: अंश आणि दशांश मिनिटं, आणि डेटम (आकडे ज्या मापनपद्धतीवर मोजतात ती) डब्ल्यूजीएस ८४. जिओकॅशचे आकडे याच रूपात असतात. समजा १७° ३९.५००′ हा अक्षांश कुणी १७.३९५००° असा भरला, तर बाण जवळजवळ २९ किलोमीटर दक्षिणेला, विजापूरच्या दिशेला दाखवू लागतो. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, आणि दोष यंत्राला दिला जातो. दुसरी सेटिंग सेलच्या प्रकाराची. रिचार्जेबल सेल घालून अल्कलाइन निवडलेलं राहिलं, तर बॅटरीच्या पट्ट्या खोटं सांगतात.

महिनोन्‌महिने कपाटात पडलेलं यंत्र सुरू केल्या केल्या उपग्रह पकडत नाही. मोकळ्या मैदानात ठेवून काही मिनिटं थांबा, झाडाखाली उभं राहून वाट बघू नका.

खरी उणीव एकच, पण मोठी: यात होकायंत्र नाही. बाण दिशा दाखवतो तो तुम्ही चालत असताना. मुलं थांबून यंत्र गरागरा फिरवतात, बाण भलतीकडे जातो आणि वाद सुरू होतो. यावर उपाय सोपा आहे. अंतर १० मीटरच्या आत आलं की बाण सोडून द्यायचा. एकाने तिथेच उभं राहायचं, दुसऱ्याने ३०-४० मीटर लांबून, वेगळ्या बाजूने सरळ चालत यायचं. दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथे हातांनी नाही, आधी डोळ्यांनी शोधायचं. उघड्यावर चूक साधारण ३ ते ५ मीटरची असते, दाट फांद्यांखाली ती वाढते. अक्षांशातलं ०.००१ मिनिट म्हणजे सुमारे १.८५ मीटर, त्यामुळे शेवटच्या आकड्यावरून भांडण्यात अर्थ नाही. संघनायकाला हे गणित आधीच करायला लावा.

डबा तुम्ही लपवणार असाल, तर त्या जागेचं मोजमाप वेगवेगळ्या वेळी चार-पाच वेळा घेऊन सरासरी काढा. थंबस्टिक (अंगठ्याने हलवायची छोटी दांडी) दाबून धरली की बिंदू नोंदवला जातो. जमीन खणून डबा पुरायचा नाही, आणि दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवं; हे खेळाचे जगभरचे नियम आहेत. वनखात्याची परवानगी आधी घ्या. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात तर डबा ठेवूच नये. बेवारस डबा बॉम्ब समजला जाऊ नये म्हणून तो पारदर्शक असावा, वर पथकाचं नाव आणि 'जिओकॅश' असं ठळक लिहावं. आत वही, पेन्सिल (उन्हात पेनाची शाई सुकते) आणि सिलिका जेलची पुडी. खाऊ अजिबात नको, मुंग्या लागतात. दगड उचलण्याआधी काठीने हलवून बघायचा, खाली विंचू असू शकतो.

संगणकाला जोडायला मिनी यूएसबी केबल लागते. घरातली मोबाइलची केबल बसत नाही, तेव्हा जुनं यंत्र घेताना तीही मागून घ्या. जीपीएक्स फाइल (डब्यांच्या जागा आणि माहिती असलेली फाइल) यंत्राच्या गार्मिन फोल्डरमधल्या जीपीएक्स फोल्डरमध्ये टाकली की डब्याची माहिती आणि सूचनाही यंत्रावर दिसतात.

नवीनच घ्यायचा असेल तर २०२३ साली आलेला ईट्रेक्स एसई बघा. त्यात होकायंत्र आणि ब्लूटूथ दोन्ही आहेत, म्हणजे वरची मोठी अडचण उरत नाही. जुना १० चांगल्या अवस्थेत, कमी किमतीत मिळाला तर संघामागे एक घ्यायला हरकत नाही. घेण्यापूर्वी थंबस्टिक चारही बाजूंना नीट दबते का, आणि सेलच्या झाकणाखाली गंज चढलाय का, एवढं तपासा.