बायोगॅस: इंजिनात जाळायचा की शुद्ध करून विकायचा?

शेण, पिकांचे अवशेष आणि उरलेलं अन्न कुजवून मिळणाऱ्या वायूत साधारण ५० ते ६५ टक्के मिथेन असतो. एक घनमीटर वायू इंजिनात जाळला की सुमारे २ युनिट वीज मिळते. म्हणजे ऊर्जेचा जेमतेम ३५ ते ४० टक्के भाग. जवळपास तेवढीच उष्णता इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यातून आणि धुरातून परत मिळवता येते. खरा प्रश्न इथेच आहे: ही उष्णता घेणार कोण? थोडी उष्णता पाचक टाकी, म्हणजे शेण कुजवण्याची टाकी, ३७-४० अंशांवर ठेवायला लागते. उरलेली दूध तापवायला, धान्य वाळवायला वापरली तर हा पर्याय उत्तम. नाहीतर ती हवेतच जाते, आणि अशा प्रकल्पाला 'संयुक्त' (वीज आणि उष्णता दोन्ही देणारा) म्हणणं म्हणजे निव्वळ कौतुक.

दुसऱ्या पर्यायात कार्बन डायऑक्साइड काढून मिथेन ९५ टक्क्यांच्या वर नेतात. हा वायू वाहनात चालतो, पाइपलाइनने दूर जातो. पण यंत्रणा महाग, त्यामुळे छोट्या गोठ्याला परवडत नाही.

बायोगॅसमधला हायड्रोजन सल्फाइड, हा धातू गंजवणारा वायू, मात्र दोन्हीकडे काढावाच लागतो. इंजिन तर तो अक्षरशः खातो.

जवळ उष्णतेचं गिऱ्हाईक असेल तर मी इंजिनच निवडेन.