कंबरदुखीसाठी टेन्स मशीन: घ्यावं का, लावावं कसं

लातूर-नांदेडच्या सर्जिकल दुकानांत मिळणारं दोन चॅनल, चार पॅडचं टेन्स मशीन (कातडीवर पॅड चिकटवून त्यातून हलका करंट सोडणारं यंत्र) तीन महिन्यांहून जुन्या कंबरदुखीला वापरून पाहता येतं, पण सगळ्यांनाच गुण येईल असं नाही. दुखणं मुळासकट जाईल या आशेनं तर घेऊच नका. आराम मिळालाच तर तो मशीन चालू असेपर्यंत आणि पुढे थोडा वेळ.

फ्रिक्वेन्सी ८० ते १०० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला करंटचे तितके ठोके), वेळ २० ते ३० मिनिटं. मुंग्या जोरात जाणवाव्यात, पण टोचू नये. थोड्या वेळानं त्या मंदावतात, तेव्हा करंट वाढवायचा असतो. बरेच जण पहिल्याच हलक्या करंटवर ठेवतात आणि फरक नाही म्हणून मशीन कपाटात टाकतात. तेल चोळलेल्या कंबरेवर पॅड धरत नाही. कड उचलली की करंट एका जागी एकवटतो आणि चटका बसतो. आधी कातडी साबणानं धुऊन कोरडी करा.

मेल्झॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी १९६५ साली मांडलं की मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर जणू एक फाटक असतं. मशीन ते खालून, म्हणजे कातडीच्या नसांकडून, लोटून बंद करतं. वरून त्यावर मेंदूचा ताबा असतो, आणि भीती, चिंता, झोपमोड यांनी ते उघडं राहतं. पावसानं ओढ दिली, सोयाबीन करपायला लागलं, की मणक्यात नवं काही न बिघडताही तीच कंबर जास्त ठणकते. हे ढोंग नव्हे, घरच्यांनी ते नीट समजून घ्यावं. दर अर्ध्या तासाला ‘आता किती दुखतंय?’ विचारलं की लक्ष पुन्हा तिथंच जातं.

म्हणून पडून राहून दुखणं चाचपत मशीन लावू नका. लावूनच चाला, भाकरी थापा, हलकी कामं करा. वहीत रोज दोन आकडे लिहा, ० ते १०: कळ किती, आणि तिचा जाच किती. कळ ६ वरच राहिली पण जाच ८ वरून ५ वर आला, तर तोही खरा फायदा. दोन आठवड्यांत दोन्ही हलले नाहीत, तर नव्या पॅडवर पैसे घालू नका. झोप आणि चिंता यांवर डॉक्टरांशी बोला. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.

पेसमेकर असेल किंवा दिवस गेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. गळ्याच्या पुढच्या बाजूला, जखमेवर किंवा मधुमेहानं बधिर झालेल्या कातडीवर लावू नका. पायातली ताकद गेली, लघवीवरचा ताबा सुटला, तर मशीन बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.